सुट्टीतील गणित शिबिर आपल्या मुलासाठी आहे का, हे कसे ठरवावे

उन्हाळ्याची सुट्टी लागण्याच्या काही महिने आधीपासून गणित संवर्धन शिबिरांची माहितीपत्रके हातात पडू लागतात आणि नावनोंदणीची शेवटची तारीख जवळ आली की बहुतेक घरांत हा निर्णय एका संध्याकाळी उरकला जातो. त्या घाईत तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात: मूल हुशार आहे का, शिबिर चांगले आहे का आणि पाठवले नाही तर सुट्टी वाया जाईल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पालकांनी आधीच ठरवलेले असते, दुसऱ्याचे उत्तर माहितीपत्रकच देऊन टाकते, आणि तिसऱ्याचे उत्तर मुलाचे वर्गमित्र सुट्टीत काय करणार आहेत यावरून काढले जाते. निर्णयाला खरोखर उपयोगी पडणारा प्रश्न यांहून निराळा आहे. न सुटणारे उदाहरण समोर आले की हे मूल काय करते, आणि अशा वेळी शिबिरात त्याच्या शेजारी कोण बसलेले असेल? या प्रश्नाच्या दोन्ही अर्ध्या भागांची माहिती थोड्या प्रयत्नाने घरबसल्या मिळवता येते. ती कशी मिळवावी आणि मिळाल्यावर तिचे काय करावे, हे पुढे सांगितले आहे.

आधी शिबिर ओळखावे

‘गणित संवर्धन’ या एकाच नावाखाली अगदी भिन्न स्वरूपाच्या गोष्टी चालतात. काही ठिकाणी पुढच्या इयत्तेचा अभ्यासक्रम सुट्टीत आधीच शिकवून संपवतात. काही ठिकाणी तोंडी हिशोब आणि वेगवान आकडेमोड यांचा सराव असतो. काही शिबिरे ऑलिंपियाड किंवा तत्सम स्पर्धांची तयारी करून घेतात. काही थोडी शिबिरे अशी असतात की जिथे शाळेत न येणारे, किंवा शाळेत वरवर येऊन जाणारे गणित खोलात जाऊन हाताळले जाते. यांपैकी कोणतीही गोष्ट मुळात वाईट नाही. मात्र एका प्रकारच्या अपेक्षेने मुलाला दुसऱ्या प्रकारच्या शिबिरात पाठवले की सुट्टी आणि पैसे दोन्ही जातात, शिवाय ‘मला गणित आवडत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष मूल स्वतःबद्दल काढून बसते.

नावावरून किंवा घोषवाक्यावरून प्रकार कळत नाही, म्हणून आयोजकांकडे दोन गोष्टी मागाव्यात: एका दिवसाचे तासवार वेळापत्रक आणि मागील वर्षी मुलांना दिलेला एखादा प्रश्नसंच. प्रश्नसंच पाहताना उदाहरणे किती अवघड आहेत हे न पाहता एका उदाहरणावर मूल किती वेळ रमू शकेल, हे पाहावे. वीस अपूर्णांकांच्या बेरजा असलेला कागद सरावाचा आहे, हे उघड आहे. त्याच्या शेजारी हा प्रश्न ठेवून पाहा: ९ ही संख्या ४ + ५ किंवा २ + ३ + ४ अशी लगतच्या संख्यांच्या बेरजेने लिहिता येते, १५ तर तीन रीतींनी लिहिता येते; मग अशा बेरजेने कोणत्या संख्या लिहिता येत नाहीत? बेरीज येणारे कोणतेही मूल या प्रश्नाला हात घालू शकते. थोड्या वेळाने २, ४, ८, १६ या संख्या हट्टीपणाने बाजूला राहतात, हे त्याच्या लक्षात येते. पण त्याच संख्या का, याचे कारण सापडायला दुपार पुरेलच असे नाही, आणि ते कारण सापडले की मुलाला विषम विभाजक म्हणजे काय हे कधीही न विसरण्यासारखे समजलेले असते. ज्या शिबिराच्या प्रश्नसंचात असे दोन-तीन प्रश्नही नसतील, त्याला सराव वर्ग म्हणावे. सरावाची गरज असेल तर तिथे जरूर जावे.

खोलातल्या गणिताची शिबिरे प्रत्यक्षात कशी चालतात, हे समजण्यासाठी एक जुने उदाहरण पुरेसे आहे. आर्नोल्ड रॉस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठात शालेय विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला आणि १९६४ मध्ये तो ओहायो स्टेट विद्यापीठात नेला; तो आजही चालतो. अनेक आठवडे मुख्यतः एकच विषय, अंकसिद्धांत (म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचे गणित), आणि रोज एक नवा प्रश्नसंच. ‘साध्या गोष्टींचा खोल विचार करा’ हे त्याचे ब्रीद आहे. प्रश्नसंचात मुलांना आधी आकड्यांशी खेळून काहीतरी लक्षात घ्यायचे असते, मग अंदाज मांडायचा असतो आणि शेवटी सिद्धता द्यायची असते. वयाने थोडे मोठे मार्गदर्शक सोबत राहतात आणि लिहिलेल्या सिद्धता वाचून परत करतात. बोस्टन विद्यापीठातील १९८९ पासूनचा प्रॉमिस हा कार्यक्रम याच परंपरेतून निघाला. ही दोन्ही नावे माध्यमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतील मुलांसाठीची आहेत, तेव्हा लहान मुलाच्या शिबिराकडून सिद्धतांची अपेक्षा करू नये. परंतु ‘आधी शोधा, मग अंदाज बांधा, मग पटवून द्या’ हा क्रम आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या शिबिरातही दिसायला हवा.

मग मूल पाहावे

गुणपत्रिका इथे फारशी कामाची नाही. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे मूल रीत पक्की पाठ असल्यामुळेही मिळवते, आणि साठ टक्क्यांवर अडकलेले मूल कंटाळून घाईघाईत पेपर सोडवत असते, असेही घडते. वेगही फसवा असतो. झटपट उत्तर देण्याची सवय लागलेल्या मुलाला संथ विचाराचे शिबिर कित्येकदा असह्य होते, कारण तिथे पहिला अर्धा तास उत्तर येतच नाही.

त्यापेक्षा नोंदणीच्या आधी आठवडाभर घरी एक छोटा प्रयोग करावा. मोठ्या मुलाला पुढील प्रश्न द्यावा. बुद्धिबळाच्या पटाचे एका कर्णाच्या दोन टोकांना असलेले दोन चौकोन कापून टाकले, तर ६२ चौकोन उरतात; प्रत्येक पट्टी शेजारशेजारचे दोन चौकोन झाकते; अशा ३१ पट्ट्यांनी उरलेला पट पूर्ण झाकता येईल का? मूल कागदावर पट्ट्या मांडू लागेल, एक-दोन वेळा शेवटचे दोन चौकोन उरतील, आणि मग खरे निरीक्षण सुरू होईल. लहान मुलासाठी द. रा. कापरेकर या शाळाशिक्षकांनी शोधलेली ६१७४ची गंमत उत्तम आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून होणाऱ्या दोन संख्यांची वजाबाकी करावी आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतली तर ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२, मग ८५३२ – २३५८ = ६१७४, आणि तिथून पुढे हलता येत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथेच येऊन थांबते. मुलाला एवढेच करून दाखवावे आणि गप्प बसावे.

गप्प बसणे हाच या प्रयोगाचा कठीण भाग आहे. पालकांना उत्तर माहीत असते (पटाच्या प्रश्नात कापलेले दोन्ही चौकोन एकाच रंगाचे असतात, म्हणून एका रंगाचे ३० आणि दुसऱ्याचे ३२ उरतात, आणि प्रत्येक पट्टीला मात्र दोन्ही रंगांचा एकेक चौकोन लागतो) आणि ते सांगून टाकण्याचा मोह आवरत नाही. तो आवरला तर चार गोष्टी दिसतात. फसल्यावर मूल रीत बदलते की तीच रीत पुन्हा वापरते? मदत मागताना ते उत्तर मागते की इशारा? ‘हे असे का होते’ असा प्रश्न ते आपणहून विचारते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणी आठवण न करता दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ते पुन्हा त्या कागदाकडे वळते का? उदाहरण सुटले की नाही याला जवळजवळ महत्त्व नाही. आपणहून परत वळणारे मूल, ते वर्गात कितव्या क्रमांकाचे आहे याची पर्वा न करता, खोलातल्या शिबिरात पाठवण्याजोगे आहे असे मी मानतो. एकदाही न वळणाऱ्या मुलाबद्दल घाईने मत बनवू नये. एखादा भूमितीचा किंवा खेळातील डावपेचांचा प्रश्न देऊन पुन्हा पाहावे, कारण काही मुलांना आकडे ओढत नाहीत आणि आकृत्या ओढतात.

या निरीक्षणात भाषेकडेही लक्ष ठेवावे. अशा शिबिरांतील प्रश्न लांबलचक वाक्यांत मांडलेले असतात. प्रश्न वाचूनच थकणाऱ्या मुलाची अडचण गणिताची नसते. शिबिराची शिकवण्याची भाषा त्याच्या सवयीची नसेल तर ती अडचण दुप्पट होते.

शाळेच्या गणितात मागे पडलेले मूल

अशा मुलाला ‘गोडी लागेल’ म्हणून संवर्धन शिबिरात घालण्याची कल्पना लोकप्रिय आहे आणि बहुतेक वेळा चुकीची आहे. अपूर्णांक किंवा ऋण संख्या कच्च्या असलेल्या मुलाला, त्या पक्क्या आहेत असे गृहीत धरणाऱ्या वर्गात बसवले, तर गणिताच्या नव्या सौंदर्यापर्यंत ते पोहोचतच नाही; आजूबाजूची मुले पुढे जाताना पाहण्यात त्याचा वेळ जातो. भीती बसलेल्या मुलाचे तर आणखी नुकसान होते, कारण आकडे डोक्यात धरून ठेवण्यासाठी जी स्मरणशक्ती लागते, तिचाच मोठा हिस्सा काळजी करण्यात खर्ची पडतो. या मुलाची गरज म्हणजे नेमका कोणता दुवा निसटला आहे हे शोधून तेवढाच भरून काढणारा शिक्षक, आणि आठवड्यातून काही थोडे तास. ते काम झाल्यावर पुढच्या सुट्टीत शिबिराचा विचार खुशाल करावा.

‘सुट्टीत सगळे विसरते’ ही भीतीही इथेच तपासून घ्यावी. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा दीर्घ सुट्टीनंतर मुलांच्या गुणांत सरासरी सुमारे एका शालेय महिन्याइतकी घसरण दिसली, आणि ती संकल्पनांपेक्षा आकडेमोडीत अधिक होती. नंतरच्या संशोधकांनी तर ही घसरण किती मोठी, हे परीक्षेच्या मोजपट्टीवर बरेच अवलंबून असते, असे दाखवले. म्हणजे विसरली जाते ती मुख्यतः हाताची सवय, आणि ती टिकवायला रोज पंधरा-वीस मिनिटांची वही पुरते. विस्मरण टाळणे एवढाच हेतू असेल तर शिबिराचा खर्च करण्याचे कारण नाही.

पुढे असलेले आणि कंटाळलेले मूल

इथे निर्णय खरोखर अवघड होतो, कारण पालकांसमोर दोन मार्ग असतात आणि दोन्हींच्या बाजूने बोलणारे लोक भेटतात. एक मार्ग वेगाचा: मुलाला पुढच्या वर्षाचे गणित आताच शिकवावे. दुसरा खोलीचा: आहे त्याच पायावर अवघड आणि निराळे प्रश्न द्यावेत.

वेगाच्या मार्गामागे गंभीर परंपरा आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये गणितात असामान्य असलेल्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलांसाठीची परीक्षा दिली. त्यामागचे तर्कशास्त्र सोपे होते: आपल्या इयत्तेच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणारी दोन मुले सारखीच दिसतात, पण वरच्या पातळीच्या परीक्षेत त्यांच्यातला मोठा फरक उघड होतो. ज्यांची तयारी खरोखर वरची होती त्यांना वेगाने पुढचे गणित शिकवले गेले, आणि त्याचा त्यांना लाभ झाला. या अनुभवातून पालकांनी घ्यायची पद्धत अशी की ‘माझे मूल पुढे आहे’ हे विधान त्याच्या इयत्तेच्या पेपरवर तपासू नये. दोन इयत्ता पुढचा एखादा सर्वसाधारण पेपर, कोणतीही तयारी न करता, त्याला शांतपणे सोडवायला द्यावा. त्याने बराचसा भाग स्वतः विचार करून सोडवला तर वेगाचा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.

मात्र या परंपरेचा एक भाग माहितीपत्रकांत येत नाही. वेगाने शिकवण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा नंतर शाळा त्या मुलाला पुढच्या जागी बसू देते. सुट्टीत सातवीचे बीजगणित शिकून मूल जूनमध्ये सातवीच्याच वर्गात बसणार असेल, तर आपण त्याचा कंटाळा एका वर्षाने पुढे ढकलून दुप्पट केला, एवढेच. म्हणून अशा शिबिरात नाव घालण्याआधी शाळेतील गणिताच्या शिक्षकांना स्पष्ट विचारावे: हे शिकून आल्यावर मुलाला वर्गात वेगळे काम मिळेल का? किमान आलेला भाग पुन्हा सोडवण्यातून सूट मिळेल का? उत्तर नकारार्थी असेल तर खोलीचाच मार्ग धरावा. खोलीत शिकलेले कोणत्याही वर्गात शिळे होत नाही. आलेख सिद्धांतातील (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या गणितातील) एखादा प्रश्न, घड्याळाच्या काट्यांसारखे फिरून येणारे भागाकारातील बाकीचे गणित, किंवा मोजण्याच्या युक्त्या शाळेच्या अभ्यासक्रमाच्या आड येत नाहीत आणि त्याची मजाही घालवत नाहीत.

स्पर्धांच्या तयारीची शिबिरे या दोन मार्गांच्या मध्ये कुठेतरी असतात. तिथले प्रश्न बहुधा उत्तम असतात, घड्याळ मात्र सतत चालू असते. स्पर्धेची हौस मुलाला स्वतःला असेल तर ते घड्याळ त्याला उत्तेजन देते. ती हौस पालकांची असेल तर तेच घड्याळ प्रश्नांची गोडी मारून टाकते.

वर्गात पहिले, शिबिरात मधले

निवड करून घेणाऱ्या शिबिरात गेलेल्या बहुतेक मुलांना आयुष्यात प्रथमच आपल्यापेक्षा हुशार मुले मोठ्या संख्येने भेटतात. त्याचा परिणाम दोन्ही दिशांनी होतो. हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकापासून दाखवून दिले की सारख्याच कुवतीची दोन मुले घेतली तर अधिक हुशार मुलांच्या गटात बसलेले मूल स्वतःच्या क्षमतेबद्दल कमी विश्वास बाळगते, कारण मुले स्वतःला शेजाऱ्याशी ताडून पाहतात. या परिणामाला मोठ्या तळ्यातील छोट्या माशाची उपमा दिली जाते. घरी ‘आमचा गणितज्ञ’ म्हणून ओळखले जाणारे मूल चौथ्या दिवशी रडत फोन करते, त्यामागे बहुतेकदा हेच असते.

दुसरी दिशा तितकीच खरी आहे. शाळेत ज्याच्या आवडीची थट्टा होते, मधल्या सुट्टीत मूळ संख्यांबद्दल बोलावे तर ऐकायला कोणी मिळत नाही, अशा मुलासाठी शिबिरातील सोबती हाच सर्वांत मोठा लाभ असतो, आणि माझ्या मते केवळ या एका कारणासाठी शिबिर निवडणेही योग्य आहे. गणित पुस्तकांतून मिळू शकते. आपल्यासारखी मुले पुस्तकांतून मिळत नाहीत. मुलीला पाठवताना गटात मुली किती आहेत आणि शिकवणाऱ्यांत स्त्रिया आहेत का, हे अवश्य विचारावे, कारण वीस मुलांत एकटी मुलगी असली तर सोबतीचा हा लाभ तिला मिळेल की नाही, हे सांगता येत नाही.

मूल पहिल्या दिशेला जाईल की दुसऱ्या, याचा अंदाज खेळाच्या मैदानावरून येतो. हरल्यावर जिंकणाऱ्याला ‘हे तू कसे केलेस’ असे विचारणारे मूल शिबिरात टिकते. हरणे सहनच न होणारे मूल पाठवायचेच असेल तर आधी दोन-तीन आठवडे घरातील बोलण्याची पद्धत बदलावी. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ मधील प्रयोगांत, ‘किती हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले पुढच्या अवघड कामात अपयश आल्यावर लवकर हात टेकत होती; मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली मुले अधिक चिकाटीने काम करत राहिली.

मुलाला कसे विचारावे

‘गणिताच्या शिबिराला जाशील का?’ या प्रश्नाला मूल जे उत्तर देते, ते बहुधा आईवडिलांचा चेहरा पाहून दिलेले असते. त्याऐवजी मिळवलेले वेळापत्रक आणि प्रश्नसंच त्याच्यासमोर ठेवावा, त्या दिवसांत घरी राहिले तर काय करता येईल तेही तितक्याच मोकळेपणाने मांडावे, आणि दोन दिवसांनी बोलावे. ‘मित्र जातोय म्हणून’ हे कारण क्षुल्लक समजू नये. मात्र मित्राचे जाणे रद्द झाले तर काय, हे विचारून घ्यावे. दहा-अकरा वर्षांनंतरच्या मुलाचा ठाम नकार अंतिम मानावा. नकाराविरुद्ध पाठवलेली मुले शिबिरात दिवस मोजतात, आणि इतर मुलांच्या गटकामातही अडथळा आणतात.

होकार मिळवण्यासाठी बक्षीस कबूल करणे टाळावे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना चित्रांबद्दल प्रमाणपत्र देण्याचे आधी कबूल केले होते, ती मुले नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्या आवडीत अशी घट दिसली नाही. गणिताची आवड नुकती कुठे अंकुरत असेल तर तिला सायकलीच्या आमिषाची जोड देऊ नये.

आयोजकांना विचारायचे प्रश्न

‘शिकवणारे कोण आहेत’ हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तरादाखल पदव्यांची यादी मिळते. त्याऐवजी ‘एखादे मूल एका प्रश्नावर अर्धा तास अडकले तर तुमचे शिक्षक काय करतात’ असे विचारावे. या प्रश्नाने चांगले आयोजक खुलतात आणि उदाहरणे देऊ लागतात. बाकीचे ‘आम्ही वैयक्तिक लक्ष देतो’ एवढेच म्हणून पुढच्या विषयाकडे वळतात. मग संख्या विचाराव्यात: एका गटात मुले किती, प्रश्न सोडवण्याच्या तासाला त्यांच्यामध्ये फिरणारे मोठे किती, आणि वेळापत्रकात व्याख्यानाचे तास किती. लहान मुलांच्या शिबिरात निम्म्याहून अधिक वेळ फळ्यासमोर ऐकण्यात जात असेल, तर ती सुट्टीतली शाळाच आहे. शेवटी परीक्षा घेऊन क्रमांक लावले जातात का, हेही विचारावे. संवर्धनाच्या शिबिरात क्रमवारीचे प्रयोजन मला समजत नाही.

प्रवेशाची पद्धत पुष्कळ काही सांगून जाते. शुल्क भरले की प्रवेश, असे असेल तर गटात मुलांच्या तयारीत मोठी तफावत असणार, हे गृहीत धरून ती तफावत कशी हाताळली जाते ते विचारावे. एक-दीड तासाची पर्यायी उत्तरांची चाचणी वेग मोजते. रॉस, प्रॉमिस किंवा १९९३ पासून चालणारा मॅथकॅम्प यांच्यासारख्या कार्यक्रमांत अर्जदाराला काही प्रश्न घरी सोडवायला देतात आणि उत्तरामागचा विचार सविस्तर लिहून मागतात. असा प्रश्नसंच आला तर त्याला पालकांनी, शिकवणीच्या शिक्षकांनी किंवा थोरल्या भावंडांनी हात लावू नये. ते अप्रामाणिक आहे हे झालेच, पण व्यवहाराच्या दृष्टीनेही ते मुलाचे नुकसान करणारे आहे, कारण निवड झाल्यावर त्याच पातळीचे प्रश्न त्याला रोज एकट्याने सोडवायचे असतात. या प्रश्नांवर मूल किती आनंदाने बसते, हीच शिबिराची विनामूल्य झलक आहे; ते सोडवताना वैतागलेल्या मुलाने निवड होऊनही न जाणे शहाणपणाचे ठरते.

विश्रांतीचे वेळापत्रकही नीट वाचावे. आंद्रेई कोल्मोगोरोव यांच्यासारखा विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञ १९६३ मध्ये मॉस्को विद्यापीठाशी संलग्न निवासी शाळा उभारण्यात पुढे होता, आणि तिथे तो मुलांना गणिताबरोबर लांब पायी सहलींना नेई आणि संगीत ऐकवी. सकाळी आठ ते रात्री आठ नुसते गणित, अशी जाहिरात करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही. निवासी शिबिर असेल तर रात्री मुलांजवळ कोण असते, आजारी पडल्यास काय करतात, घरी फोन केव्हा करता येतो आणि मध्येच परत यायचे झाल्यास शुल्काचे काय होते, हे लेखी घ्यावे. घरापासून दूर एकदाही न राहिलेल्या मुलासाठी पहिला अनुभव लांबच्या निवासी शिबिराचा नसावा. ऑनलाइन शिबिरात तास छोटे आणि गट लहान असतील तरच विचार करावा, कारण पडद्यावर अडकलेले मूल कोणाच्याही नजरेस पडत नाही.

शुल्काबाबत एवढेच की ज्या रकमेमुळे घरात ‘एवढे पैसे भरलेत तर’ हे वाक्य उच्चारले जाईल, ती रक्कम मुलासाठी जास्त आहे. अनेक शिबिरे शिष्यवृत्ती देतात आणि ती मागण्यात संकोच बाळगू नये. ती मिळाली नाही तर आठवड्यातून दोनदा चार-पाच मुले आणि प्रश्नांत रस असलेली एक मोठी व्यक्ती एकत्र बसवली, तरी छोट्या वयात शिबिराचा बराचसा लाभ पदरात पडतो.

निर्णय आणि त्यानंतर

माहिती हाती आली की दोन बाजूंचे गुण मांडून बेरीज करत बसू नये. आधी नकाराची कारणे पाहावीत: मुलाचा ठाम नकार, पायातील मोठी उणीव, मूल थकलेले असणे, किंवा प्रश्नसंच आणि मूल यांचा मेळ नसणे. यांपैकी एकही असेल तर या वर्षी पाठवू नये, आणि त्याबद्दल चुटपुटही लावून घेऊ नये. अनेक गणितज्ञ अशा कोणत्याही शिबिराशिवाय घडले आहेत. यांपैकी काहीच नसेल आणि मूल घरच्या प्रश्नाकडे आपणहून परत वळलेले असेल, तर पाठवावे. मन दोलायमान असेल तर लांब शिबिराऐवजी पाच-सहा दिवसांचे, घरून ये-जा करता येईल असे शिबिर निवडावे.

शिबिर सुरू झाल्यावर संध्याकाळी ‘किती बरोबर आले’ असे न विचारता ‘आज कशावर अडलास’ किंवा ‘आज कशावर अडलीस’ असे विचारावे आणि सांगितलेले उदाहरण खरोखर ऐकून घ्यावे. पहिल्या दोन-तीन दिवसांतली कुरकुर बहुधा नवखेपणाची असते. त्या काळात परत आणण्याची घाई करू नये, मात्र शिक्षकांना त्याच संध्याकाळी कळवावे. आठवडा उलटूनही मूल झोपेत दचकत असेल, जेवण टाळत असेल किंवा ‘मी ढ आहे’ असे म्हणू लागले असेल, तर उरलेल्या शुल्काचा विचार न करता त्याला काढून घ्यावे, आणि का काढले हे त्याला स्पष्ट सांगावे: हे शिबिर तुला योग्य नव्हते आणि ते निवडण्याचा निर्णय आमचा होता. पूर्ण करून आलेल्या मुलाला पाहुण्यांसमोर काही करून दाखवायला लावू नये. त्याने आणलेले न सुटलेले प्रश्न मात्र टेबलावर, हाताशी राहतील असे ठेवून द्यावेत.